ऑफिसच्या कामाने कोल्हापूरला गेलात तर जेवायचं कसं

गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोली एमआयडीसीत काम असेल तर कंपनीवाले कँटीनमध्ये जेवा म्हणून मागे लागतात. एक दिवस ठीक आहे, दुसऱ्या दिवशी गोड बोलून सटका.

सकाळी मीटिंगच्या आधी उद्यमनगरात फडतरेंची मिसळ. लवकर जा, गर्दी असते आणि दुपारपर्यंत आटपतं. इथे पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, नाक मुरडू नका, कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, त्यात मस्त मुरतो. पांढरा शर्ट मात्र नको.

मटण थाळी शेवटच्या दिवशी रात्री ठेवा, कारण दुपारी दाबून खाल्लं की तीनच्या प्रेझेंटेशनला डोळे मिटायला लागतात आणि समोर क्लायंट बसलेला असतो. थाळी आली की आधी पांढरा रस्सा वाटीनेच प्या, नारळाचं दूध आणि मटणाचं पाणी, गरम असतानाच मजा आहे, मग तांबडा, मग सुक्कं मटण भाकरीबरोबर. चपाती सांगू नका प्लीज. रस्सा बहुतेक ठिकाणी परत मागितला की मिळतो, लाजायचं नाही. कुठे जायचं ते हॉटेलच्या रिसेप्शनला नाही, प्लांटमधल्या ड्रायव्हरला विचारा, आणि सोबत लोकल कलीग असेल तर वार बघा, सोमवार-गुरुवार-शनिवार बरेच जण नॉनव्हेज खात नाहीत.

क्लेम करायचा असेल तर पक्कं बिल मिळेल का ते बसायच्या आधीच विचारून घ्या, छोट्या खानावळीत कागदावर आकडा लिहून देतात आणि अकाउंट्सवाले तो परत पाठवतात.

जेवून पोटात जागा उरलीच तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध.