फ्रेमवर्कच्या आधी ब्राउझर उघडा

निकाल लागले की दरवर्षी ओळखीतली पोरं-पोरी विचारायला येतात, दादा कुठली लँग्वेज शिकू, रिॲक्ट करू का पायथन, पुण्याला जाऊन क्लास लावू का इथंच विश्रामबागेत एखादा बघू. तासगाव, विटा, जत, पलूसकडनं फोन येतात ते वेगळेच. मी सांगलीतच राहतो, कंपनी पुण्याची, काम घरून, आणि रोजचं काम म्हणजे वेब ॲप्लिकेशन बांधायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगितलं जातं म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

माझं उत्तर ठरलेलं आहे. लँग्वेज आणि फ्रेमवर्क (ॲप बांधायचा तयार सांगाडा) नंतर बघू, आधी कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा आणि एफ१२ दाबा. क्रोम, एज, फायरफॉक्स काहीही चालेल. जे उघडतं त्याला डेव्हलपर टूल्स म्हणतात आणि ते फुकट आहे, आधीपासून तुमच्या मशीनमध्ये आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. २००६ साली फायरफॉक्ससाठी फायरबग नावाचं एक्स्टेन्शन आलं तेव्हा लोकांना पहिल्यांदा पेज चालू असताना त्याच्या आत नीट बघता आलं, आता तेच सगळं प्रत्येक ब्राउझरमध्ये येतं आणि तरीही कॉलेजची चार वर्षं काढून नेटवर्क टॅब एकदाही न उघडलेली मुलं मला भेटतात. त्यांची काही चूक नाही, कुणी दाखवलेलंच नसतं.

त्यातले एलिमेंट्स (पेजची रचना दाखवणारा) आणि कन्सोल (जावास्क्रिप्ट चालवून बघायचा) हे टॅब बहुतेकांना माहीत असतात. मला बोलायचंय ते नेटवर्क टॅबबद्दल. तो उघडा ठेवून कुठलंही पेज रिफ्रेश करा, खाली ओळी पडायला लागतील, एकेक ओळ म्हणजे ब्राउझरनं सर्व्हरला केलेली एकेक रिक्वेस्ट. एक साधं बातमीचं पेज उघडलं तरी ओळींची रीघ लागते, त्यात फोटो, फॉन्ट, जाहिराती, स्क्रिप्ट सगळं आलं. प्रत्येक ओळीपुढं स्टेटस कोड असतो. २०० म्हणजे व्यवस्थित, ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदललाय, ३०४ म्हणजे तुझ्याकडची जुनी कॉपी अजून चालू आहे तीच वापर, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे असं काही इथं नाहीच, ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी फुटलं. चारनं सुरू होणारा कोड असेल तर आधी आपण पाठवलेली रिक्वेस्ट तपासायची, पाचनं सुरू होणारा असेल तर सर्व्हरकडं बघायचं. ओळीवर क्लिक केलं की आपण काय पाठवलं ते पेलोडमध्ये दिसतं आणि तिकडनं काय आलं ते रिस्पॉन्समध्ये, बहुतेक वेळा जेसन, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहिलेला डेटा.

एवढं आलं की टीममध्ये तुमची किंमत लगेच बदलते. "सर, पेज चालत नाहीये" असं सांगणारा ज्युनिअर आणि "सेव्ह दाबल्यावर ५०० येतोय, पेलोडमध्ये तारीख रिकामी जातीय" असं सांगणारा ज्युनिअर यात फार मोठा फरक आहे, दुसरा मुलगा मला कधीही चालेल, भले त्याला फ्रेमवर्क येत नसेल, कारण फ्रेमवर्क शिकवता येतं पण बिघाड नेमका कुठं आहे ते शोधायची सवय लागायला वेळ जातो. इंटरव्ह्यूतला तो नेहमीचा प्रश्न आहे ना, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर काय काय होतं, त्याचं उत्तर पाठ करायची गरज पडत नाही. ओळीवर क्लिक करून टायमिंग बघा, डीएनएस (नावावरनं सर्व्हरचा पत्ता शोधणं), कनेक्शन, एसएसएल (ते सुरक्षित करणं), मग सर्व्हरच्या उत्तराची वाट बघणं, सगळं मिलीसेकंदात लिहिलेलं असतं.

त्याच टॅबमध्ये एखाद्या रिक्वेस्टवर राइट क्लिक केलं की कॉपी ॲज कर्ल असा पर्याय येतो. कर्ल म्हणजे कमांड टाइप करून रिक्वेस्ट पाठवायचं टूल. तो मजकूर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पेस्ट केला की तीच रिक्वेस्ट ब्राउझरशिवाय जाते. फक्त ती कॉपी दुसऱ्याला पाठवताना जपून, त्यात तुमच्या लॉगिनच्या कुकीज (सर्व्हर तुम्हाला ज्यावरनं ओळखतो त्या खुणा) पण असतात. कर्लची गोष्ट मला फार आवडते. डॅनियल स्टेनबर्ग नावाच्या स्वीडिश माणसाला चॅट रूममधल्या लोकांसाठी चलनांचे दर आणून द्यायचे होते, त्यासाठी त्यानं एक छोटं टूल हातात घेतलं, ते वाढत गेलं आणि १९९८ मध्ये कर्ल या नावानं बाहेर आलं. आज ते फोनमध्ये, टीव्हीत, गाड्यांमध्ये सगळीकडं आहे. सुरुवात एका माणसाच्या छोट्या गरजेतनं झाली, म्हणून प्रोजेक्टचा विषय विचारला की मी सांगतो तुमच्या घरात, गल्लीत, मार्केट यार्डात काय अडतंय ते बघा.

अजून एक, नेटवर्क टॅबमध्ये स्पीड मुद्दाम कमी करायची सोय आहे, थ्रॉटलिंग म्हणतात. आपण घरात फायबरवर बसून पेज बनवतो आणि ते बघणारा माणूस जतच्या पुढं कुठंतरी रानात सिग्नलच्या एका कांडीवर उभा असतो. चार एमबीचा फोटो एक एमबीपीएसवर उतरायला बत्तीस सेकंद लागतात, हिशेब करून बघा, बाइटचे बिट करताना आठनं गुणायचं. बत्तीस सेकंद कोण थांबणार.

आता प्रोजेक्ट. टू-डू लिस्ट आणि कॅल्क्युलेटर सगळ्यांच्या रेझ्युमेत असतात, ते बघून कुणालाच काही कळत नाही. मी मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या अडत दुकानासाठी हळदीच्या पट्ट्यांचं (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांचं) छोटं वेब ॲप केलेलं, शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव, त्यातनं हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. दिसायला शाळेतलं गणित, पण त्यात मराठी आली आणि मी जेवढं त्या कामात शिकलो तेवढं कुठल्याच कोर्समध्ये शिकलो नसतो. मराठी टेक्स्टचं काम इंग्लिश ट्युटोरियलमध्ये कुणी शिकवत नाही म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणारी पद्धत, तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा एक ब्लॉक दिलाय आणि यूटीएफ-८ मध्ये (ते नंबर बाइटमध्ये साठवायची रीत) त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. जावास्क्रिप्टमध्ये सांगली या शब्दाची लेंग्थ विचारली तर सहा येते, स, काना, अनुस्वार, ग, ल आणि वेलांटी. आपल्या डोळ्यांना तीनच अक्षरं दिसतात. नाव फार लांब आहे म्हणून पाचवर कापलं तर "सांगल" उरतं, वेलांटी गायब. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्येच इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter) आहे, तो डोळ्यांना दिसतात तशी अक्षरं पाडून देतो. एसएमएस पाठवायचा झाला तर हेच गणित खिशाला लागतं, इंग्लिश मेसेज १६० कॅरेक्टरचा, मराठी झाला की मर्यादा ७० वर येते आणि त्यात सांगली सहा खाते. पट्टीचा मेसेज मराठीतच जायला पाहिजे असं मालकांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं, मग आम्ही बसून एकेक शब्द छाटला.

शोध हा खरा धडा. कऱ्हाडकडनं माल येतो, आणि गावाचं नाव कुणी कराड लिहितं कुणी कऱ्हाड. ही दोन वेगळी स्पेलिंग झाली, त्यासाठी पर्यायी नावांचं टेबल ठेवलं की भागतं. पण नुसतं कऱ्हाड घेतलं तरी ते आत तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह. दुसरं, साधा र आणि त्याच्या खाली नुक्ता. तिसरं, र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं कॅरेक्टर. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात आणि कॉम्प्युटरच्या लेखी तिन्ही वेगळे, त्यामुळं समोर नाव दिसत असताना सर्च म्हणतो सापडलं नाही. पहिले दोन नॉर्मलाइझ एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची रीत) केलं की एक होतात, तिसरा होत नाही, तो हातानं बदलून घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची, दुसऱ्या, वाऱ्या, असे शब्द मराठीत पावलोपावली आहेत, त्यामुळं मराठी सर्च करणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार. डेटाबेसमध्ये टाकायच्या आधी नॉर्मलाइझ करायचं आणि शोधताना पण करायचं, दोन्हीकडं.

आकड्यांचं पण तसंच. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असला की माणूस वजन १२५ असं देवनागरीत लिहितो, जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्यावर नॅन (हा आकडाच नाही) म्हणून मोकळं होतं, आणि पायथनमधलं मजकुराचा आकडा करणारं इंट मात्र तेच आकडे बिनबोभाट वाचतं. म्हणजे फॉर्म एका भाषेत आणि सर्व्हर दुसऱ्या भाषेत असला की एकीकडं चालतं एकीकडं नाही आणि लोक दिवस घालवतात. उलट दिशेला सोय छान आहे, जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटला (Intl.NumberFormat) एमआर-आयएन (mr-IN, म्हणजे भारतातली मराठी) दिलं की १२,३४,५६७ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट मराठी आकड्यांत छापून देतो, स्वतः लिहायची गरज नाही. पैसे मात्र दशांशात साठवू नका, ०.१ आणि ०.२ ची बेरीज ब्राउझरच्या कन्सोलमध्ये करून बघा, ०.३ च्या पुढं शून्यांची रांग आणि शेवटी ४ येतो, कारण हे अपूर्णांक बायनरीत पूर्ण मावत नाहीत. सगळं रुपयांऐवजी पैशांत म्हणजे पूर्णांकात ठेवायचं आणि दाखवताना शंभरनं भागायचं. यार्डात पैशाचा फरक आला तरी माणसाचा विश्वास उडतो आणि ते योग्यच आहे.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली आणि मराठीच्या जागी कचरा दिसला तर फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे (मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणाऱ्या खुणेचे) तीन बाइट घालून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतं. जुन्या डीटीपीच्या फाइल्स हे वेगळं प्रकरण. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट काढला की मजकूर गेला. त्या युनिकोडमध्ये आणायच्या तर ऱ्हस्व वेलांटी अडवते, मिरज मधली वेलांटी दिसते म च्या आधी पण युनिकोडमध्ये साठवतात म च्या नंतर, आणि जुन्या फॉन्टमध्ये जशी दिसते तशीच आधी टाइप केलेली असते. रफाराचं बरोबर उलटं. असा कन्व्हर्टर स्वतः लिहून बघा, स्ट्रिंग, रेग्युलर एक्स्प्रेशन, टेस्ट केसेस सगळं एका कामात होतं, आणि प्रेसवाल्यांकडं अशा फाइल्सचे ढीग पडलेत.

गिटबद्दल, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलबद्दल, थोडक्यात. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं, आज त्याच्याशिवाय कुठलीच टीम चालत नाही. ॲड, कमिट, पुश, ब्रांच, मर्ज एवढं पहिल्या महिन्यात पुरतं. काम थोडं झालं की कमिट करा आणि मेसेजमध्ये का बदललं ते लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं.

इंग्लिशची भीती हा आपल्याकडचा मोठा विषय, मराठी मीडियमची मुलं एरर दिसला की नजर फिरवतात. एररची इंग्लिश फार मर्यादित असते हो, शे-दीडशे शब्द परत परत येतात. पहिली ओळ सावकाश मोठ्यानं वाचायची, मग फाइलचं नाव आणि लाइन नंबर बघायचा, तिथं जायचं. वेबबद्दल काहीही अडलं तर मोझिलाच्या (फायरफॉक्सवाल्यांच्या) एमडीएन या साइटवर वाचा, तिथं प्रत्येक गोष्टीचं उदाहरण असतं. एआयला विचारायला माझी काही हरकत नाही, मीही विचारतो, पण त्यानं दिलेला कोड पेस्ट केला की नेटवर्क टॅबमध्ये खरंच काय गेलं आणि काय आलं हे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका, आणि एखादी ओळ काढली तर काय होईल हे सांगता येत नसेल तर ती ओळ अजून तुमची झालेली नाही.

सांगलीत राहून हे करता येतं का, तर शिकणं शंभर टक्के करता येतं. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. पहिली नोकरी मात्र जमलं तर पुण्यात ऑफिसात जाऊन करा असं मी सांगतो, सिनिअरच्या शेजारी बसून तो बिघाड कसा शोधतो हे बघायला मिळतं, ते घरी स्क्रीनवर कळत नाही. पाया झाला की मग परत या, मी तसंच केलं. जॉब गॅरंटी म्हणून आधी मोठी रक्कम मागणारे क्लास आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेणाऱ्या कंपन्या, दोन्हीपासून लांब राहा, कितीही गोड बोलले तरी.

आणि शिकताना दुसऱ्यांच्या साइट बघा, पण बघण्यापुरतंच. पत्त्यातला नंबर बदलून दुसऱ्याचा निकाल किंवा बिल उघडतंय का हे करून बघायचं नाही, ते बेकायदेशीर आहे आणि माणुसकीला धरूनही नाही. स्वतःच्या प्रोजेक्टवर काय पाहिजे ते तोडा.

विषय सुचत नसेल तर एक देतो. २०१९ च्या महापुरानंतर पाऊस लागला की इथला प्रत्येक माणूस आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आणि कोयनेचा विसर्ग विचारत असतो. प्रशासन जाहीर करतं ते आकडे रोज हातानं भरायचे, फुटांचा एक साधा आलेख काढायचा, पेज पन्नास केबीच्या आत बसवायचं म्हणजे नेट गेल्यात जमा असतानाही उघडेल, आणि आकडा कुठनं आला, किती वाजता आला हे मोठ्या अक्षरात लिहायचं. गिटहब पेजेसवर (कोड ठेवायच्या गिटहब साइटची पेज दाखवायची सोय) ते फुकट ठेवता येतं. रेझ्युमेमध्ये त्याचीच लिंक द्या, आणि पाठवायच्या आधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, वायफाय बंद करून उघडून बघा, लोकलहोस्टची लिंक फक्त तुमच्याच मशीनवर चालते.