टाकीचं झाकण डावीकडे की उजवीकडे? पंपावर या चुका टाळा

झाकण कुठल्या बाजूला आहे याचा विचार पंपात शिरल्यावर करायचा, ही सर्रास होणारी चूक. एरवी ती खपून जाते. पण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी गोव्यात म्हापशात किंवा फोंड्यात एका गाडीला नळी पोचत नाही म्हणून ती मागे-पुढे होऊ लागली की मागची सगळी रांग अडते. भाड्याची गाडी दाबोळी किंवा मोपा विमानतळावर परत करायच्या घाईत असलेल्यांचं तर हे हमखास होतं, कारण गाडी त्यांच्या सवयीची नसते.

खरं तर उत्तर डोळ्यांसमोर असतं. पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचं छोटं चित्र असतं आणि त्याला लागून एक बाण. बाण ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला. चित्रातल्या पंपाची नळी ज्या बाजूला तिकडे झाकण, असंही सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका, बाणच बघा. हा बाण सुचला फोर्डमधल्या जिम मॉयलन यांना. १९८६ साली भर पावसात कंपनीच्या गाडीत पेट्रोल भरायला गेले आणि गाडी उलट्या बाजूने लावल्यामुळे भिजले. लगेच त्यांनी वरिष्ठांना सूचना लिहून दिली, आणि १९८९च्या मॉडेलांपासून तो बाण गाड्यांत दिसू लागला. आपल्यासारख्या पावसाच्या मुलखात या माणसाचे आभारच मानायला हवेत. जुन्या गाडीत बाण नसेल तर एकदा उतरून बघा आणि मीटरच्या कडेला छोटी खूण चिकटवा.

दुसरी चूक म्हणजे आपल्या गाडीवरून दुसऱ्या गाडीचा अंदाज बांधणं. मारुती, ह्युंदाई, टोयोटाच्या बहुतेक गाड्यांचं झाकण डावीकडे, तर फोक्सवॅगन आणि स्कोडाचं उजवीकडे. यामागे एक कारण सांगितलं जातं. वाटेत पेट्रोल संपलं तर डब्यातून ओतणारा माणूस वाहतुकीच्या बाजूला उभा राहू नये. जपानमध्ये आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात, म्हणून झाकण डावीकडे. जर्मनीत उजवीकडून, म्हणून उजवीकडे. तीच जर्मन गाडी भारतात येते तेव्हा स्टिअरिंग बदलतं, पण मागचा पत्रा बदलायचा तर साचेच नवे करावे लागतात. म्हणून झाकण आहे तिथेच राहतं. मात्र हे कारण सगळीकडे लागू पडत नाही. कोरियात वाहनं उजवीकडून चालतात, तरी ह्युंदाईचं झाकण डावीकडेच असतं.

मला जास्त पटतं ते गाडीखालचं कारण. टाकी सहसा मागच्या सीटखाली, मागच्या चाकांच्या पुढे बसवतात, म्हणजे मागून धडक बसली तरी ती सहज चेपत नाही. गरम सायलेन्सरचा पाइप, सस्पेन्शन आणि स्टेपनी यांच्यातून जिथे वाट मिळेल तिथून भरण्याची नळी वर काढतात. जुन्या अमेरिकन गाड्यांत झाकण नंबरप्लेटच्या मागे असायचं. मागच्या धडकेत आगीचा धोका दिसून आल्यावर ते बाजूला आलं. सरकत्या दरवाजाच्या व्हॅनमध्ये दरवाजा उघडताना झाकणाला लागू नये, हेही बघावं लागतं.

कारण काहीही असो, उजवीकडे झाकण असलं की आपल्याकडे डब्यातून ओतणारा वाहतुकीच्या बाजूलाच उभा राहतो. तेव्हा अशी गाडी चोर्ला घाटात पेट्रोल संपून बंद पडली, तर डब्यातून भरायच्या आधी ती शक्य तितकी डावीकडे घ्या आणि चारही इंडिकेटर चालू करा.

आता सगळ्यात महाग चूक. भाड्याची गाडी डिझेलची आणि भरलं पेट्रोल. डिझेलची नळी जाड असल्यामुळे ती पेट्रोलच्या टाकीच्या तोंडात सहसा शिरत नाही, पण पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या तोंडात आरामात जाते. झाकणाच्या आत इंधनाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा आणि पंपावरच्या माणसाला तोंडानेही सांगा. चूक झालीच तर चावी फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. इंजिन चालू केलं की खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

नळी आपोआप थांबल्यावर ‘राऊंड फिगर करा’ म्हणणं सोडा. नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. ते पेट्रोलखाली बुडालं की आतला पडदा ओढला जातो आणि प्रवाह थांबतो. म्हणजे टाकी खरोखरच भरलेली असते. त्यावरही दाबून भरलं तर पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो डबा खराब होतो. वरती उन्हात पेट्रोल फुगतं ते वेगळंच.

पावसाळ्याआधी झाकणाच्या खोबणीतलं पाणी जाण्याचं भोक बघा. तिथे पानं आणि माती अडकली की पाणी साचून राहतं, आणि कॅपचं रबर चिरलेलं असेल तर ते टाकीत उतरू शकतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी चटकन ओढून घेतं, त्यामुळे पुढे गाडी झटके देऊ लागते.

झाकण उघडत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग निघाला की खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. आधी गाडी अनलॉक आहे का बघा. काही गाड्यांत झाकण लॉकलाच जोडलेलं असतं आणि नुसतं दाबून उघडतं. सीटशेजारी खटका असेल तर एकाने तो ओढून धरायचा आणि दुसऱ्याने झाकण हलकेच दाबून सोडायचं. तरीही नाही उघडलं तर डिकीत त्याच बाजूच्या अस्तरामागे हाताने ओढायची दोरी आहे का शोधा. बऱ्याच गाड्यांत ती असते.