कोरड्या अंगणात तरवड लावा

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा अंगणात गुलाब जगवायची धडपड करण्यापेक्षा तरवड लावा. नवरात्रात घटावर पिवळी माळ चढते ना, तेच हे बांधावरचं झुडूप.

नर्सरीत रोप शोधत बसू नका, बी गोळा करा. शेंगा पापडासारख्या चपट्या असतात; वाळून तपकिरी झाल्या की तोडायच्या. बियांचं कवच फार टणक. उकळलेलं पाणी खाली उतरवून थोडं निवू द्या, त्यात बी रात्रभर ठेवा. सकाळी टम्म फुगलेलं बी पेरायचं. जे तसंच राहिलं ते खरबरीत दगडावर हलकं घासून पुन्हा भिजवा.

सोटमूळ खोल जातं, म्हणून जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर कायमच्या जागीच पेरा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचतं. तिथे मुरूम मिसळून वीतभर उंचवटा करा.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी, पुढे बहुतेक तेही लागत नाही. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका हो, त्यांचीच पिवळी फुलपाखरं होतात.