हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मूल घरी आले की : क्वचित होणारी गुंतागुंत वेळीच कशी ओळखावी

हृदयाच्या पडद्यातले छिद्र बंद करण्याची किंवा अरुंद झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया झालेली बहुतेक मुले ठरल्याप्रमाणे घरी येतात आणि दीड-दोन महिन्यांत पूर्ववत खेळू लागतात. थोड्या मुलांना मात्र घरी आल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्रास सुरू होतो. तो ताप, उलटी, किरकिर, दूध नाकारणे अशा साध्या तक्रारींतूनच दिसतो, म्हणून ओळखायला कठीण जातो. मुंबईच्या पावसाळ्यात तर या प्रत्येक तक्रारीला ‘व्हायरल आहे’ हे उत्तर तयारच असते.

माझ्या भावाच्या मुलीचे चौथ्या वर्षी हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधले छिद्र बंद केले. तिसऱ्या आठवड्यात, ऐन जुलैत, तिला ताप आला, उलट्या झाल्या, आणि जवळच्या दवाखान्यातून पोटाचे औषध मिळाले. दोन रात्री ती आजीच्या छातीला पाठ टेकून बसूनच झोपली, आणि आडवी करताच रडत उठली. ते आजीच्या लक्षात आले, म्हणून आम्ही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात गेलो. टू-डी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती पाणी साचलेले दिसले. यालाच पोस्ट-पेरिकार्डियोटॉमी सिंड्रोम म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते सहा आठवड्यांत शरीराची प्रतिकारशक्तीच हृदयाच्या आवरणाला सूज आणते. वेळीच कळले तर ते बहुधा औषधांनी आटोक्यात येते. पाणी फार वाढले तर हृदयावर दाब येऊन जिवावर बेतू शकते. छिद्र बंद करण्याच्या ‘सोप्या’ शस्त्रक्रियेनंतरही हे होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी

डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर लगेच गाडी बोलावू नये. कार्डावर शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव व तारीख, पॅच (छिद्रावर शिवलेला तुकडा) किंवा शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी बारीक कृत्रिम नळी) बसवला आहे का, निघतानाचे वजन, ऑक्सिजन सॅच्युरेशन (रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण), प्रत्येक औषध किती मिलिलिटर द्यायचे आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे सर्व लिहिले आहे ना ते पाहावे आणि नसेल तर लिहून मागावे. शंट बसवलेल्या बाळाचे सॅच्युरेशन ७५ ते ८५ टक्के असणे अनेकदा अपेक्षितच असते. हे कार्डावर नसेल, तर दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. कार्डाचा फोटो आई, वडील आणि आजी-आजोबा या सर्वांच्या मोबाइलवर ठेवावा.

घरची वही

एक साधी दोनशे पानी वही पुरते. रोज मूल शांत झोपलेले असताना सदरा वर करून पोटाची वरखाली होणारी हालचाल पाहावी आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. तरीही मुलाच्या स्वतःच्या रोजच्या आकड्यापेक्षा झालेली वाढ मला अधिक महत्त्वाची वाटते. श्वासांशेजारी ताप, दूध किंवा जेवण, आणि ओल्या लंगोटांची संख्या लिहावी. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला, तर आधी शस्त्रक्रियेच्या चमूला फोन करावा.

दूध, तूप आणि रडण्याचा आवाज

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात छातीत ठेवलेल्या नळीतून येणारे पाणी पहिल्या दिवसांत लालसर, मग फिकट पिवळे होत जाते. दूध सुरू केल्यावर ते ताकासारखे पांढरे झाले, तर आतड्यांतून स्निग्ध पदार्थ वाहून नेणाऱ्या वाहिनीला इजा झाल्याची शंका घेतात. याला कायलोथोरॅक्स म्हणतात. अशा मुलाला काही आठवडे, बहुधा सहा, नेहमीचे स्निग्ध पदार्थ वर्ज्य करून एमसीटी प्रकारच्या, म्हणजे या वाहिनीतून न जाता थेट रक्तात शोषल्या जाणाऱ्या स्निग्धांशाचा आहार देतात. घरी हे पथ्य मोडते ते मायेपोटी : वरणभातावर तुपाची धार सोडल्याशिवाय आजीचे समाधान होत नाही. तेव्हा पथ्याचा कागद स्वयंपाकघरात लावावा आणि त्याचे कारण आजीला नीट समजावून सांगावे. घरी आल्यावर धाप वाढली, तर पाणी पुन्हा साचले असू शकते.

बाळाचे रडणे घोगरे किंवा अगदी क्षीण झाले आणि दूध पिताना ठसका लागू लागला, तर स्वरयंत्राच्या डाव्या नसेला (मज्जातंतूला) धक्का बसलेला असू शकतो. ती नस महाधमनीजवळूनच वळसा घेते. ठसका लागत असताना दूध पाजत राहू नये, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते.

शंट असलेल्या बाळाला जुलाब-उलट्या झाल्या, तर ‘उद्या सकाळी पाहू’ म्हणू नये. शरीरातले पाणी कमी झाले की रक्त दाट होऊन त्या बारीक नळीत गुठळी होऊ शकते. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नये.

छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत धरून न उचलता मान आणि कमरेखाली हात घालून उचलावे. जखमेतून स्राव आला किंवा हाड कटकट वाजले, तर त्याच दिवशी दाखवावे.

निघायचे कुठे

ओठ निळे पडले, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, किंवा मूल बेशुद्ध पडले, तर १०८ ला फोन करावा आणि अतिदक्षता विभाग असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात जावे. डोंबिवली-विरारहून ‘आपले डॉक्टर परळला आहेत’ म्हणून शहर पार करू नये. परळला फोन वाटेतूनही करता येतो. दारात पोचताच पहिले वाक्य ‘याचे अमुक तारखेला हृदयाचे ऑपरेशन झाले आहे’ हे असावे, ताप किंवा उलटी त्यानंतर सांगावी.

पुढेही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दात काढण्याआधी किंवा हिरड्यांच्या उपचाराआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे, कारण कृत्रिम पॅच बसवल्यानंतरचे पहिले सहा महिने, आणि काही मुलांना त्यानंतरही, प्रतिजैविकाचा डोस आधी द्यावा लागतो. आणि कारण न सापडणारा ताप टिकून राहिला, तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) घ्यायची विनंती करावी. औषध आधी पोटात गेले, तर हृदयाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग चाचणीत अनेकदा सापडत नाही.