शॉर्टफिल्ममध्ये कान वाजणं दाखवायचं असेल तर

नागपुरात शॉर्टफिल्म करणारी पोरं साउंडसाठी माझ्याकडे येतात. माझे कान कायम वाजतात, म्हणून हे कळकळीनं सांगते.

सिनेमात बॉम्ब फुटतो, क्षणभर शिट्टी ऐकू येते आणि सगळं पूर्ववत होतं. पात्राला टिनिटस, म्हणजे कान वाजण्याचा त्रास, असेल तर एवढ्यावर सोडू नका. तो शांततेत जास्त जाणवतो. सीताबर्डीच्या गर्दीपेक्षा मे महिन्यातली रात्र घ्या: लाईट जाते, कूलर थांबतो आणि कानातला आवाज वर येतो. शिट्टीच हवी असं नाही. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला घरघर. २०१७च्या ‘बेबी ड्रायव्हर’चा नायक सतत गाणी लावून हा आवाज झाकतो. ही सवय अगदी खरी.

मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, कानातल्या आवाजाचा थर खूप हळू ठेवा, संवादाखाली चालू द्या. मोठ्यानं सोडलेली तीक्ष्ण शिट्टी आमच्यासारख्या प्रेक्षकाला खरोखर छळते.

हायपरॲक्युसिस वेगळा. त्यात साधा आवाजही असह्य होतो, कधी दुखतो. त्याला अलौकिक श्रवणशक्ती करून टाकू नका, मला त्याची चीड येते. सावजी खानावळीत स्टीलचं ताट आपटतं तेव्हा आवाज वाढवू नका, नटाचा आक्रसलेला खांदा दाखवा. नागपूरच्या मारबतीच्या गोंगाटी मिरवणुकीला असं पात्र दारं लावून घरातच बसेल. चोवीस तास कानात बोळेही नकोत. सतत कान झाकल्यानं संवेदनशीलता वाढू शकते.

शेवटचं मिक्स साध्या इअरफोनवर, कमी आवाजात तपासा.