नाडी पूर्ण मिनिटभर बघा

आमच्या आरोग्य केंद्रात पासष्टी ओलांडलेलं कुणीही, अगदी गुडघेदुखीसाठी आलं तरी, मी नाडी बघते. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. मग मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. बिघडलेला ताल तिथेच निसटतो. नव्या सिस्टरांची बोटं मी माझ्या बोटांशेजारी ठेवून घेते, नुसतं सांगून ते कळत नाही.

ताल चुकतोय? ‘आजी, धडधडतं का?’ विचारा, पण ‘नाही गं’ म्हणाल्या म्हणून सोडू नका. अनेकांना काहीच जाणवत नाही. त्याच दिवशी ईसीजी काढा. पी लहरी (प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकाआधीची छोटी लहर) नाहीत, आर-आर अंतर (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं अंतर) वेडंवाकडं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याचा आजार. पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा (अँटिकोआग्युलंट) निर्णय लांबवू नका; अ‍ॅस्पिरिन तिला पर्याय नाही.