पेशव्यांचा पाटील कंपनीचा कधी झाला, हे कागदावरून कसं काढायचं

आमच्या खानापूरकडच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत तांबड्या रुमालात बांधलेले मोडी कागद होते. आज्जा सांगायचे, "आपला मूळ पुरुष पेशव्यांचा पाटील, नंतर कंपनीचाही." तुमच्याकडेही असा रुमाल असेल तर आधी घड्या सांभाळा. कागद घडीवरच फाटतो. एकदाच हळू उघडा, सावलीत फोटो काढा, मग वाचन मोबाईलवरच करा.

वाचायला सुरुवात खालून करा. तिथं नांगराचं चित्र दिसलं की ती पाटलाची निशाणी. वरचा मजकूर कुलकर्ण्याच्या हातचा, तेव्हा "पाटील असं म्हणाला" हे जरा जपूनच लिहा.

खरी गोम तारखेत आहे. आमच्या एका कागदावर, सरकारला केलेल्या अर्जावर, "सन 1228, आश्विन" एवढंच उरलेलं, पुढचा शब्द कसरीनं खाल्लेला. मी तो सन शुहूर (मराठी कागदांत चालणारा अरबी सन) धरला, 599 मिळवले, 1827 आलं. म्हणजे राज्य गेल्यावर आमचा पाटील नऊ वर्षं गप्प बसला, असं मी भावकीत सांगत सुटलो! पुढं कोपऱ्यात "बहुधान्य" दिसलं. संवत्सराचं नाव ते. 1827 च्या आश्विनात सर्वजित होतं, बहुधान्य 1818 चं. म्हणजे सन फसली (महसुली सन) होता, आणि फसलीत 590 मिळवायचे. (दोन्ही सन मृगाला सुरू होतात, म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला आणखी एक वर्ष धरा. शकात 78 मिळवायचे; पौषापासून पुढं कधी कधी 79.)

बेळगावचा किल्ला कंपनीच्या मन्रोनं 10 एप्रिल 1818 ला घेतला. आमचा पाटील त्याच वर्षी आश्विनात, साधारण सहा महिन्यांत, नव्या सरकारच्या दारात अर्ज घेऊन उभा. गप्प बसणारा कसला!

मग 1852 च्या कायद्यानंतरच्या इनाम चौकशीतल्या (इनाम जमिनी-हक्कांच्या तपासणीतल्या) कैफियती बघा. वंशावळ तिथं मिळते. पण हक्क वाचवायला दिलेली ती जबानी, तेव्हा त्यातल्या शौर्याच्या गोष्टींना निम्मीच किंमत द्या. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. जाताना गावाचं जुनं नाव, परगणा लिहून न्या.

आमच्या अर्जात शौर्य काहीच नाही. मागणी एकच: मागल्या सरकारात चालत आलं तसं पुढं चालवावं. खाली नांगर.